सतीश शाह : एका मालिकेत पन्नासहून अधिक माणसे, दुसऱ्या मालिकेत एकच

गोदाकाठ

सतीश शाह यांचे २५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. तेव्हापासून मी त्यांची जुनी कामे सवडीने पुन्हा पाहत आहे आणि पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ज्यांनी ही कामे त्या त्या काळात पाहिली, किंवा ज्यांचा अभिनयाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांच्याकडून त्याचे उत्तर मिळेल अशी आशा आहे.

त्यांनी शेकड्यांनी हिंदी चित्रपट केले. १९७० च्या दशकात पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून ते अभिनयाचे रीतसर शिक्षण घेऊन बाहेर पडले आणि पुढची चार दशके पडद्यावर सातत्याने दिसत राहिले. तरीही त्यांचे नाव घेतले की माझ्या आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीनच गोष्टी येतात. पहिली १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’मधले डिमेलो साहेब, तेही विशेषतः त्यांचे प्रेत. दुसरी १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘ये जो है ज़िंदगी’. तिसरी २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर सुरू झालेल्या ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधले इंद्रवदन. तिन्हींपैकी दोन दूरचित्रवाणीच्या मालिका आहेत. एवढ्या चित्रपटांनी जे दिले नाही ते दोन मालिकांनी कसे दिले, हा माझा प्रश्न आहे.

तो विचारण्यामागे घरगुती कारणही आहे. माझी भाची अभिनयाचे शिक्षण घेत आहे. तिच्या शिक्षकांनी तिला अलीकडे स्पष्ट सांगितले की तिचा चेहरा आणि बांधा नायिकेचा नसून ‘कॅरेक्टर’चा, म्हणजे चरित्र भूमिकांचा आहे. ते ऐकून ती फार खचली आहे. तिला धीर देण्यासाठी मी सतीश शाह यांचे उदाहरण दिले, तेव्हा तिने विचारले, ‘‘मामा, पण ते नेमके काय करत होते, ते सांग ना.’’ मला सांगता आले नाही. ते हसवत होते, एवढेच म्हणता आले, आणि ते पुरेसे नाही हे मला कळते.

गिरगावकर

‘ये जो है ज़िंदगी’ सुरू झाली तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आमच्या मजल्यावर दोनच घरांत दूरचित्रवाणी संच होते आणि शुक्रवारी रात्री त्या दोन्ही घरांत पाय ठेवायला जागा नसे. आज मागणी केल्याबरोबर हवा तो भाग समोर येतो, त्यामुळे आठवड्यातून एकदाच येणाऱ्या अर्ध्या तासाची वाट पाहणे म्हणजे काय हे समजावून सांगणे अवघड झाले आहे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्या वाट पाहण्यातच आहे, म्हणून ते सांगतो.

मालिकेची मांडणी साधी होती. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे नवराबायको, राकेश बेदी हा बायकोचा बिनकामाचा भाऊ, एक दिवाणखाना आणि दर आठवड्याला दारात येऊन उभे राहणारे एक नवे संकट. लेखन शरद जोशी यांचे होते, म्हणजे हिंदीतले व्यंगकार शरद जोशी, आपले शेतकरी नेते नव्हेत. दिग्दर्शकांमध्ये ‘जाने भी दो यारो’चे कुंदन शाह होते. शफी इनामदार हे मूळचे दापोलीकडचे, त्यामुळे आमच्या मजल्यावरची कोकणी मंडळी त्यांच्यावर जरा जास्तच हक्क सांगत. ही तिघे दर आठवड्याला तीच असत. त्यांचे स्वभाव, त्यांची भांडणे, त्यांचे समेट आम्हाला पाठ झाले होते. चौथा कलाकार मात्र दर आठवड्याला निराळा माणूस होऊन येई आणि तो माणूस सतीश शाह असे. संपूर्ण मालिकेत त्यांनी अशा पन्नासहून अधिक भूमिका केल्या.

पहिले काही आठवडे आमच्याकडे कोणालाही त्यांचे नाव ठाऊक नव्हते, आणि दोन भागांतली दोन माणसे एकाच नटाने केली आहेत हेही काहींच्या लक्षात आले नव्हते. ते लक्षात आल्यावर पाहण्याची रीतच बदलली. दारावरची घंटा वाजली की खोलीतले सगळे पुढे सरकून बसत, कारण आज कोण येणार हे पाहायचे असे. मालिकेच्या गोष्टीइतकीच उत्सुकता या एका माणसाच्या प्रवेशाची असणे ही मोठी गोष्ट आहे. मुख्य कलाकारांची नावे श्रेयनामावलीत वर असली तरी आठवड्याचे नवेपण याच्या खांद्यावर होते.

ते नेमके काय करत होते, याविषयी प्रेक्षक म्हणून मला एवढे सांगता येईल की ते मिशी आणि टोपी बदलून थांबत नसत. बोलीचा हेल बदलणे हा अशा भूमिकांतला सर्वांत सोपा भाग असतो आणि बहुतेक नकलाकार तिथेच थांबतात. यांचा माणूस खुर्चीवर कसा बसतो, दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर आधी कुठे पाहतो, आपण आगंतुक आहोत याची त्याला जाणीव आहे की नाही, हे दर वेळी वेगळे असे. त्या वेळी हे शब्द माझ्याजवळ नव्हते. आम्ही फक्त म्हणायचो की आजचा माणूस अगदी अमक्या काकांसारखा आहे. दर आठवड्याला कोणते ना कोणते काका त्यात सापडत.

तिसरी घंटा

मी बरीच वर्षे हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करते आणि राज्य नाट्य स्पर्धेसाठी नव्या मुलांच्या तालमी घेते. आपल्या भाचीचा प्रश्न अचूक आहे, म्हणून मी त्यालाच धरून लिहिते.

सुरुवात प्रेतापासून करावी लागेल. ‘जाने भी दो यारो’ प्रदर्शित झाला तेव्हा सतीश शाह जेमतेम बत्तीस वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी महानगरपालिकेचा मुरलेला, सुस्तावलेला, लाचखोर आयुक्त उभा केला, हे एक. पण चित्रपटाच्या उत्तरार्धात हा आयुक्त मेलेला असतो आणि कथा त्याच्या देहाभोवती फिरते. ओम पुरी यांचा मद्यधुंद बांधकाम व्यावसायिक शवपेटीला मोटार समजून तिच्यातल्या मृताशी गप्पा मारतो. शेवटी महाभारताच्या नाटकात तोच देह द्रौपदीची साडी नेसून रंगमंचावर उभा राहतो आणि त्याच्या ताब्यासाठी सगळे पात्रवर्ग एकमेकांवर तुटून पडतात. हशा इतरांच्या धडपडीतून निर्माण होतो. प्रेताने काही करायचे नसते, परंतु ते जड असले पाहिजे, लुळे असले पाहिजे, कुणी ओढले तर त्या दिशेला कलले पाहिजे, आणि या सगळ्यात जिवंत माणसाचा क्षणभरही भास होता कामा नये. आमच्याकडे तालमीत मुलांना दोन मिनिटे प्रेत व्हायला सांगितले की बहुतेक मुले मदत करू लागतात. उचलणाऱ्याला सोपे जावे म्हणून नकळत पाठ ताठ करतात, मान सावरतात. स्वतःचे वजन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि मला तर ती या नटाच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली वाटते.

कारण इंद्रवदनमध्ये ते तेच करतात, फक्त जिवंतपणी. मालिकेची रचना आठवून पाहावी. कफ परेडमधले श्रीमंत गुजराती कुटुंब. इंद्रवदनच्या पत्नी माया साराभाईंना आपल्या अभिरुचीचा अतोनात अभिमान आहे आणि सून मोनिशाच्या मध्यमवर्गीय सवयी त्यांना सहन होत नाहीत. धाकटा मुलगा रोसेश भयंकर कविता करतो, त्या आईला थोर वाटतात आणि बापाला ऐकवत नाहीत. मायाची भूमिका रत्ना पाठक शाह करत होत्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, दीना पाठक यांच्या कन्या. उच्चारांवर आणि वाक्याच्या लांबीवर त्यांची अशी पकड आहे की मायाचे एकेक वाक्य एखाद्या लांबलचक रेशमी पट्ट्यासारखे उलगडत जाते. आता अशा वाक्यासमोर बसलेल्या नटाने काय करावे? मध्येच तोंड वेडेवाकडे केले तर वाक्य मरते. काहीच केले नाही तर प्रसंग एकतर्फी होतो. सतीश शाह आधी ऐकतात. ते मनापासून ऐकत आहेत हे दिसते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांत खोडी जमू लागते. ती खोडी प्रेक्षकांना मायाच्या आधी दिसते, त्यामुळे वाक्य पुरे होईपर्यंत दोन गोष्टी एकाच वेळी चालू राहतात. एक मायाचे बोलणे आणि दुसरी आपली वाट पाहणे. मग ते एक छोटे वाक्य टाकतात. हशा त्या वाक्याला येतो असे वाटते, परंतु तो त्याआधीच्या ऐकण्याने भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट. इंद्रवदन खोडकर आहे, सासूसुनांत भांडण लावून देऊन कडेला बसून मजा पाहणारा आहे, धाकट्या मुलाची तर तो निर्दय टर उडवतो. कागदावर हा माणूस सहज दुष्ट वाटू शकेल. तो वाटत नाही, कारण बायकोला चिडवताना तिच्यावरून नजर हलत नाही. तिच्या चिडण्यात त्याला जो आनंद होतो तो जुन्या, मुरलेल्या प्रेमाचा आहे, हे एकदाही शब्दांत न सांगता त्यांनी जवळपास सत्तर भाग टिकवले. हे लेखकाचे श्रेय आहेच, आतिश कपाडिया यांनी पात्रे फार बारकाईने लिहिली होती, आणि देवेन भोजानी यांचे दिग्दर्शनही तसेच होते. पण ती नजर लिहिता येत नाही.

संकलक

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मूळ प्रश्नातल्या एका गृहीतकाशी मी सहमत नाही. चित्रपटांनी त्यांना काही दिले नाही असे म्हणणे बरोबर नाही. चित्रपटांनी त्यांना काम दिले, सातत्याने दिले, आणि चरित्र अभिनेत्याच्या आयुष्यात सातत्याने मिळणारे काम ही दुय्यम गोष्ट नसते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये ते कुलजीतचे वडील आहेत, ‘कल हो ना हो’मध्ये रोहितचे वडील करसनभाई पटेल आहेत, ‘मैं हूं ना’मध्ये बोलताना समोरच्यावर थुंकी उडवणारे प्राध्यापक आहेत. मराठी प्रेक्षकांनी त्यांना १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये, सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाखाली, अशोक सराफ यांच्यासोबत पाहिले आहे आणि तिथे ते परके वाटत नाहीत.

फरक माध्यमाच्या स्वभावात आहे. मी संकलनाचे, म्हणजे चित्रित तुकडे निवडून जोडण्याचे काम करतो, म्हणून वेळेच्या हिशेबाने बोलतो. अडीच-तीन तासांच्या चित्रपटात अशा नटाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात प्रेक्षकांनी त्याला ओळखावे म्हणून लेखक त्याच्या अंगावर एक ठळक खूण चिकटवतो. कधी थुंकी, कधी बोलण्याची लकब, कधी नुसता देहाचा आकार. नट कितीही चांगला असला तरी त्या खुणेच्या पलीकडे जायला त्याला जागाच नसते. प्राध्यापकाच्या त्या प्रसंगाला लोक आजही हसतात, पण त्या प्राध्यापकाच्या घरी कोण आहे हे कोणी विचारत नाही. मालिकेत उलट असते. तिथे नटाकडे भरपूर वेळ असतो आणि विनोद खुणेतून न येता नात्यांतून येतो. दहाव्या भागात इंद्रवदन नुसता दारातून आत आला आणि त्याने मोनिशाकडे पाहिले, तरी आधीच्या नऊ भागांचे सगळे संदर्भ त्या पाहण्यात जमा झालेले असतात.

‘तिसरी घंटा’ यांनी ऐकण्याविषयी जे लिहिले आहे त्याला माझ्या बाजूने दुजोरा देतो. संकलनाच्या टेबलावर विनोद बहुतेक वेळा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सापडतो. पण बहुतेक नट स्वतःचे वाक्य संपले की विझतात. डोळ्यांतला दिवा जातो आणि ते पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहतात. त्यांच्या त्या तुकड्याचा काही उपयोग करता येत नाही. जो नट दुसऱ्याच्या वाक्यातही जागा राहतो, त्याच्याकडे संकलक पुनःपुन्हा जातो, आणि म्हणून त्याची भूमिका कागदावर होती त्याहून पडद्यावर मोठी होते. चरित्र अभिनेत्याचे नशीब काही प्रमाणात असे बंद खोलीत, तो हजर नसताना ठरत असते.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. भाचीला हे सगळे वाचून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न असा आहे की ‘ये जो है ज़िंदगी’ आणि ‘साराभाई’ यांच्यामध्ये जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे. त्या वीस वर्षांत दूरचित्रवाणीवर ते कुठे होते? की एकदा पन्नास माणसे करून झाल्यावर त्यांना त्याच तऱ्हेची नक्कल करायला बोलावत राहिले?

गिरगावकर

नाही, आणि हे सांगण्यासारखे आहे. १९९० नंतर खासगी वाहिन्या आल्या आणि झी वाहिनीवर विनोदी मालिकांची एक लाट उसळली. ‘फिल्मी चक्कर’ ही मालिका त्यातलीच. सिनेमाच्या वेडाने झपाटलेले कुटुंब, आणि त्यातल्या नवराबायकोच्या भूमिकांत सतीश शाह आणि रत्ना पाठक शाह. म्हणजे साराभाई दांपत्य आपल्यासमोर आले तेव्हा या दोघांची एकमेकांच्या बोलण्याची, थांबण्याची ओळख काही वर्षांची होती. ‘साराभाई’च्या पहिल्याच भागापासून ते जोडपे तीस वर्षे संसार केल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हेच असणार असे मला वाटते. त्यानंतर ‘घर जमाई’मध्ये ते सासरे झाले आणि जावई होता त्या वेळी फारसा कोणाला ठाऊक नसलेला आर. माधवन.

या प्रवासात वयाचा हिशेब पाहावा. नायकाला वय लपवावे लागते. यांनी तिशीत आयुक्त केला, चाळिशीत सासरा केला आणि इंद्रवदन त्यांच्याकडे आला तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते, म्हणजे भूमिकेचे आणि नटाचे वय पहिल्यांदाच जवळजवळ जुळले. इतकी वर्षे ते ज्या वयाची सोंगे घेत होते त्या वयात ते स्वतः पोहोचले, आणि तेव्हा त्यांना सोंग घ्यावे लागले नाही.

शरीराविषयीही एक सांगतो, कारण भाचीला तोच घाव बसला आहे. ते स्थूल होते आणि आपल्याकडे स्थूल नटाला पडद्यावर आणले की त्याला पाडणे, अडकवणे, खायला घालणे एवढेच लेखकांना सुचते. त्यांनाही अशी कामे करावी लागली. पण त्यांची चांगली कामे आठवून पाहावीत. इंद्रवदन गोड खाण्यासाठी चोरी करतो, कारण मायाने घरात पथ्य लावले आहे, आणि तिथे हसू येते ते एका मोठ्या माणसाच्या शाळकरी चोरीला. पोटाला कोणी हसत नाही. त्यांचे हलणे-फिरणे तर फार हलके होते. माझ्या आईला चित्रपटातले काही कळत नसे, पण ती म्हणायची की हा माणूस पावलांचा आवाज न करता चालतो.

तिसरी घंटा

आपल्या आईचे निरीक्षण मी माझ्या मुलांना सांगणार आहे.

भाचीसाठी एक व्यवहारातली सूचना. ‘कॅरेक्टरचा चेहरा’ हा शब्दप्रयोग तिने मनाला लावून घेऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण तो ज्या स्वरात सांगितला जातो तो बहुधा लागण्यासारखाच असतो. पण तिने ‘साराभाई’चा कोणताही एक भाग घ्यावा, आवाज पूर्ण बंद करावा आणि फक्त सतीश शाह यांच्याकडे पाहावे, तेही ज्या ज्या वेळी दुसरे कोणी बोलत आहे त्या वेळी. वही घेऊन बसावे. डोळे कधी हलतात, हात कुठे असतात, हसू कुठे सुरू होते आणि कुठे दाबले जाते, एवढेच लिहावे. नंतर आवाज चालू करून तोच भाग पुन्हा पाहावा. असे तीन-चार भाग झाले की ‘ते नेमके काय करत होते’ याचे उत्तर तिला तिच्या स्वतःच्या शब्दांत सापडेल, आणि ते माझ्या उत्तराहून उपयोगाचे असेल.

संकलक

त्याला एक जोड. तो भाग ‘साराभाई’च्या २००४ ते २००६ मधल्या पहिल्या पर्वातलाच घ्यावा. २०१७ मध्ये वेब माध्यमावर आलेले दुसरे पर्व मीही आवडीने पाहिले, सगळे जुने कलाकार परत एकत्र दिसल्याचा आनंदही झाला, परंतु त्याची लय वेगळी आहे. पहिल्या पर्वात लांब प्रसंग आहेत, माणसे एका खोलीत बराच वेळ एकत्र बसतात आणि त्यामुळे ऐकणे पाहायला मिळते.

गोदाकाठ

तिने कालच एक भाग तसा पाहिला. वहीची अडीच पाने भरली आहेत. मला दाखवताना तिने एका ओळीवर बोट ठेवले. प्रसंग असा होता की घरातले सगळे एकाच वेळी बोलत आहेत आणि सतीश शाह त्या गर्दीत एका कडेला बसले आहेत. तिने लिहिले होते की ते कोणाकडेही न पाहता फक्त मायाकडे पाहत आहेत, आणि माया काहीतरी बोलण्याच्या बेतात आहे हे त्यांना माया तोंड उघडण्याआधीच कळले आहे.

आज संध्याकाळी तिला ‘ये जो है ज़िंदगी’चा एक भाग हवा आहे. गिरगावकर, आपल्या आठवणीतला एखादा विशेष भाग असल्यास कृपया कळवावा. शफी इनामदार दार उघडतात आणि बाहेर कोण उभे आहे हे आपल्याला आधी दिसत नाही, असा एखादा असेल तर फार बरे होईल.